सरासरीवरील शाब्दिक उदाहरणे: वाचनापासून पडताळ्यापर्यंत

सरासरी काढण्याची कृती प्राथमिक शाळेतच शिकून होते. दिलेल्या संख्यांची बेरीज करायची आणि त्या जितक्या असतील तितक्यांनी त्या बेरजेला भागायचे, यापलीकडे त्या कृतीत काही नाही. तरीही शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत सरासरीवरील शाब्दिक उदाहरण समोर आले की पुष्कळ विद्यार्थी अडखळतात, कारण त्या उदाहरणात संख्यांची यादी बहुधा दिलेलीच नसते. सरासरी आधीच सांगितलेली असते आणि विचारलेली असते ती यादीतली न दिसणारी एखादी संख्या: नव्याने आलेल्या खेळाडूचे वजन, शिक्षकांचे वय, शेवटच्या डावातील धावा. म्हणजे भागाकार कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो आणि आपल्याला तो उलगडत मागे जायचे असते. ही उलट वाट या लेखात पायरीपायरीने दाखवली आहे. वाचकाला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि एका चलाचे साधे समीकरण येते, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: सरासरीवरून एकूण बेरीज काढा

एका शेतकऱ्याने पाच दिवस डेअरीला अनुक्रमे ८, ९, ७.५, ८.५ आणि १० लिटर दूध घातले. एकूण दूध ४३ लिटर आणि सरासरी ४३ ÷ ५ = ८.६ लिटर. आता ही यादी झाकून ठेवा आणि ‘पाच दिवसांची सरासरी ८.६ लिटर’ एवढेच वाक्य समोर घ्या. कोणत्या दिवशी किती दूध घातले हे त्यावरून सांगता येणार नाही, परंतु पाच दिवसांचे मिळून ४३ लिटर झाले हे मात्र ठामपणे सांगता येईल. शाब्दिक उदाहरणे सोडवताना सरासरीचा उपयोग मुख्यतः यासाठीच असतो.

एकूण बेरीज = सरासरी × पदांची संख्या

उदाहरणात जेथे जेथे सरासरी दिसेल तेथे तिला पदांच्या संख्येने गुणून बेरीज लिहून ठेवावी, मग पुढे काय विचारले आहे ते पाहावे. याचे कारण साधे आहे. बेरजा एकमेकींत मिळवता येतात आणि एकमेकींतून वजा करता येतात. सरासरींच्या बाबतीत ते चालत नाही. चुकीची उत्तरे बहुतांशी सरासरीमध्ये थेट सरासरी मिळवल्याने किंवा सरासरीतून सरासरी वजा केल्यानेच येतात.

ओबडधोबड मापांच्या जागी एक समान माप ठेवण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’तील खातव्यवहारात एक वेडावाकडा खड्डा आहे, ज्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७ हात आणि खोली २, ४, ३ हात भरते. तिन्ही मापांच्या सरासरी काढल्या की ११, ६ आणि ३ हात मिळतात आणि खड्ड्याचे घनफळ १९८ घनहात येते. खड्डा तसा कोठेच नसतो, पण हिशेबासाठी तो तसा मानता येतो.

दुसरी पायरी: भागायचे कितीने, हे शब्दांवरून ठरवा

गुणाकार-भागाकारापेक्षा येथे वाचनच अधिक काळजीने करावे लागते. ‘कर्णधारासह ११ खेळाडू’ म्हणजे एकूण ११; ‘कर्णधार वगळता ११ खेळाडू’ म्हणजे कर्णधार धरून १२. ‘सरासरी ३ ने वाढली’ आणि ‘सरासरी ३ झाली’ या दोन वाक्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे, पण घाईत वाचताना ‘ने’ हा प्रत्यय नजरेतून सहज सुटतो. ‘उरलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी’ असे शब्द आले की उरलेले किती, हे आपणच वजाबाकी करून काढायचे असते. ‘प्रत्येकी’ हा शब्द आला तर पुढची संख्या एकाची आहे, गटाची नव्हे.

शून्याविषयीही येथेच सांगितलेले बरे. एखाद्या आठवड्यात तीन दिवस पाऊस पडलाच नाही, तरी आठवड्याची सरासरी काढताना ७ नेच भागायचे, कारण शून्य हीदेखील नोंदच आहे. ‘पाऊस पडलेल्या दिवसांची सरासरी’ असे विचारले तरच भाजक ४ होईल. बेरजेत शून्याने फरक पडत नाही म्हणून मोजणीतूनही त्याला गाळण्याची चूक नवखे विद्यार्थी हमखास करतात.

वाचून झाले की कच्च्या कागदावर तीन ओळी आखाव्यात: ‘आधी’, ‘बदल’ आणि ‘नंतर’. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत पदांची संख्या, सरासरी आणि एकूण बेरीज अशा तीन जागा ठेवाव्यात. मधल्या ओळीत कोण आले, कोण गेले किंवा काय दुरुस्त झाले ते लिहावे. संख्या, सरासरी आणि बेरीज यांपैकी कोणत्याही दोन ठाऊक असल्या की तिसरी मिळतेच. पुढील बहुतेक प्रकार या तीन ओळींत बसतात.

तिसरी पायरी: बदल कोणता, ते ओळखा

सर्वांत सोपा बदल म्हणजे एका पदाची भर. समजा, एका विद्यार्थिनीला चार विषयांत सरासरी ६८ गुण आहेत आणि पाचव्या विषयानंतर सरासरी ७० व्हावी अशी तिची इच्छा आहे. आधीची बेरीज ६८ × ४ = २७२, नंतरची बेरीज ७० × ५ = ३५०, म्हणून पाचव्या विषयात ३५० − २७२ = ७८ गुण हवेत. येथे ‘सरासरी २ ने वाढवायची आहे, म्हणून ७० गुण पुरेत’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ७० गुण मिळाले तर ते केवळ पाचव्या विषयाला पुरतील, आधीच्या चार विषयांना प्रत्येकी दोन गुण कमी पडतच राहतील. ती चार गुणिले दोन, म्हणजे ८ गुणांची तूटही पाचव्या विषयानेच भरून काढायची असते. ७० + ८ = ७८.

हा तुटीचा विचार नीट समजला की पुढील उदाहरण तोंडी सुटते. एका वर्गातील २४ विद्यार्थ्यांचे सरासरी वय १४ वर्षे आहे. शिक्षकांचे वय मिळवल्यास सरासरी १ वर्षाने वाढते. तर शिक्षकांचे वय किती? नवी सरासरी १५. शिक्षकांनी स्वतःसाठी १५ आणि २४ विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी १, असे मिळून १५ + २४ = ३९ वर्षे आणावी लागतील. बेरजेच्या मार्गानेही तेच येते: २५ × १५ = ३७५, २४ × १४ = ३३६ आणि फरक ३९. सुरुवातीला प्रत्येक उदाहरण दोन्ही मार्गांनी सोडवावे, असा माझा आग्रह आहे. क्लासमध्ये सूत्र म्हणून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक ‘शॉर्टकट’ युक्त्या म्हणजे हा तुटीचा विचारच असतो. कारण न कळता तो पाठ केला, तर ‘वाढते’ऐवजी ‘घटते’ आले की विद्यार्थी थबकतो.

दुसरा बदल म्हणजे अदलाबदल. कबड्डीच्या मैदानावरील सात खेळाडूंचे सरासरी वजन ७२ किलो आहे. ६५ किलो वजनाच्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरल्यावर सरासरी ७४ किलो होते. येथे पदांची संख्या बदलत नाही, सातच राहते, त्यामुळे बेरीज ५०४ वरून ५१८ होते, म्हणजे १४ किलोने वाढते. ही सगळी वाढ एकाच व्यक्तीमुळे झाली आहे. म्हणून नवा खेळाडू जुन्यापेक्षा १४ किलोने जड, अर्थात ७९ किलोचा. लक्षात घ्या की या प्रकारात जुनी सरासरी ७२ दिली नसती, केवळ ‘२ किलोने वाढली’ एवढेच सांगितले असते, तरी उत्तर मिळाले असते. प्रश्नपत्रिकेत असे उदाहरण आले की ‘माहिती अपुरी आहे’ हा पर्याय निवडण्याचा मोह होतो. तो टाळावा.

तिसरा बदल म्हणजे चुकीच्या नोंदीची दुरुस्ती. ४५ विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ६२ निघाली; नंतर लक्षात आले की एकाचे ८३ गुण ३८ असे लिहिले गेले होते. पूर्ण बेरीज पुन्हा करण्याची गरज नाही. बेरीज ८३ − ३८ = ४५ ने कमी धरली गेली होती; ती ४५ विद्यार्थ्यांत वाटली की सरासरी १ ने वाढते आणि खरी सरासरी ६३ येते. दोन चुका असतील, तर प्रत्येक चुकीचे चिन्ह वेगळे लिहावे: खरी संख्या मोठी असेल तर अधिक, लहान असेल तर उणे. जाता जाता एक उपयुक्त गोष्ट: दोन अंकी संख्येच्या अंकांची अदलाबदल झाली असेल, तर फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. जमाखर्चाच्या वहीत बेरीज जुळेना झाली आणि फरक ९, १८, २७ असा आला, तर हिशेबनीस माणूस प्रथम उलट लिहिलेला आकडा शोधतो, तो यामुळेच.

प्रत्येक पदात समान बदल झाला, तर बेरीज करण्याचीही गरज उरत नाही. सर्वांना ५ वाढीव गुण दिले तर सरासरी ५ ने वाढते, सर्वांचा पगार दुप्पट केला तर सरासरी पगार दुप्पट होतो.

वयाची उदाहरणे

वयाच्या उदाहरणांत काळ पुढे सरकतो, एवढीच काय ती भर. पाच वर्षे गेली की प्रत्येकाचे वय ५ ने वाढते, म्हणून त्याच माणसांचे सरासरी वयही ५ नेच वाढते; मात्र बेरीज माणसांच्या संख्येच्या पाचपट वाढते. खरी अडचण येते ती मधल्या काळात माणसांची संख्या बदलते तेव्हा. पाच वर्षांपूर्वी, लग्नाच्या वेळी, पतिपत्नींचे सरासरी वय २३ वर्षे होते. आज त्यांच्या मुलासह तिघांचे सरासरी वय २० वर्षे आहे. तर मुलाचे वय किती? तेव्हाची दोघांची बेरीज ४६. आज त्या दोघांचीच बेरीज ४६ + १० = ५६. तिघांची बेरीज ६०. मुलाचे वय ४ वर्षे. येथे १० ऐवजी १५ मिळवण्याची चूक होते, म्हणजे मुलालाही पाच वर्षांनी मोठे केले जाते, जणू लग्नाच्या दिवशी तो हजर होता. वयाचे उत्तर आले की ते गोष्टीत बसते का, हे पाहावे. लग्नाला पाच वर्षे झालेल्या दांपत्याच्या मुलाचे वय चार वर्षे असणे बसते. सात वर्षे आले असते, तर कृती पुन्हा तपासायला हवी होती.

क्रिकेटची सरासरी

क्रिकेटवरील उदाहरणे परीक्षकांच्या विशेष आवडीची आहेत आणि त्यांत एक बारकावा आहे. प्रत्यक्ष खेळात फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत, तर तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. डॉन ब्रॅडमन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते, पण त्यातील भाजक फार थोड्यांच्या लक्षात असतो. ५२ कसोटी सामन्यांतील ८० डावांत त्यांनी ६९९६ धावा केल्या आणि १० वेळा ते नाबाद राहिले; म्हणून भाजक ७०, आणि ६९९६ ÷ ७० = ९९.९४. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलच्या मैदानावर ते शेवटचा डाव खेळायला उतरले, तेव्हा ६९ वेळा बाद होऊन त्यांच्या ६९९६ धावा झालेल्या होत्या, म्हणजे सरासरी १०१.३९ होती. त्या डावात बाद होऊनही सरासरी १०० राहण्यासाठी ७० × १०० = ७००० धावा लागत होत्या, म्हणजे केवळ ४ धावा. एरिक हॉलीज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाचीत झाले. ‘आधी, बदल, नंतर’ या तीन ओळींत हे गणित मांडून पाहा. वर सोडवलेल्या पाचव्या विषयाच्या उदाहरणाहून त्यात काहीही निराळे नाही.

परीक्षेतील उदाहरणांत मात्र नाबाद डावांचा उल्लेख नसेल, तर डावांच्या संख्येनेच भागायचे, असा संकेत आहे. एक नमुना पाहू. एका फलंदाजाने बाराव्या डावात ७४ धावा केल्याने त्याची सरासरी ३ ने वाढली. तर बाराव्या डावानंतरची सरासरी किती? येथे आधीची सरासरी दिलेली नाही, म्हणून ती क्ष मानू.

११ × क्ष + ७४ = १२ × (क्ष + ३)
११क्ष + ७४ = १२क्ष + ३६
क्ष = ३८

विचारले आहे ते नंतरचे, म्हणून उत्तर ४१. पर्यायांत ३८ हमखास दिलेले असते आणि समीकरण अचूक सोडवूनही केवळ शेवटचे वाक्य पुन्हा न वाचल्यामुळे गुण जातो. पडताळा: ११ × ३८ = ४१८, त्यात ७४ मिळवून ४९२, आणि ४९२ ÷ १२ = ४१.

गोलंदाजाची सरासरी म्हणजे दिलेल्या धावा भागिले घेतलेले बळी. षटकांशी तिचा संबंध नाही आणि ती कमी होणे चांगले. एका गोलंदाजाची सरासरी २४ आहे. पुढील सामन्यात ६० धावांत ६ बळी घेतल्यावर ती २ ने कमी होते. तर आधीचे बळी किती? २४क्ष + ६० = २२ × (क्ष + ६), यावरून २क्ष = ७२ आणि क्ष = ३६.

दोन गट एकत्र येतात तेव्हा

आता सर्वांत जास्त फसवणाऱ्या प्रकाराकडे येऊ. ‘अ’ तुकडीतील ४० विद्यार्थ्यांची सरासरी ६० गुण, ‘ब’ तुकडीतील ६० विद्यार्थ्यांची सरासरी ७० गुण. तर दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी किती? ६० आणि ७० यांच्या मधोमध ६५ येतात म्हणून ६५ लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. बेरीज करा: २४०० + ४२०० = ६६००, विद्यार्थी १००, सरासरी ६६. मोठ्या गटाचे वजन जास्त, म्हणून संयुक्त सरासरी त्याच्याकडे झुकते. दोन्ही तुकड्यांत विद्यार्थी समान असते, तरच ६५ हे उत्तर बरोबर आले असते. सरासरींची सरासरी काढणे केवळ तेवढ्याच परिस्थितीत चालते.

बाजारातही हेच लागू पडते. समजा, एका शेतकऱ्याने लासलगावच्या बाजार समितीत तीन वेळा कांदा नेला: २० क्विंटल १५०० रुपये भावाने, ३० क्विंटल १८०० रुपये भावाने आणि ५० क्विंटल १२०० रुपये भावाने. तिन्ही भावांची नुसती सरासरी १५०० रुपये येते आणि ती ऐकायला बरी वाटते. हातात आलेली रक्कम मात्र ३०,००० + ५४,००० + ६०,००० = १,४४,००० रुपये, माल १०० क्विंटल, म्हणून खरा सरासरी भाव क्विंटलला १४४० रुपये. सर्वांत जास्त माल सर्वांत कमी भावाने गेला, हे साध्या सरासरीत दिसतच नाही. ज्या उदाहरणात दर आणि नग, किंवा दर आणि वजन अशी जोडी येईल, तेथे प्रत्येक दराला त्याच्या नगाने गुणल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हाच प्रश्न उलटाही विचारतात. मुलांची सरासरी ५०, मुलींची ५६, संपूर्ण वर्गाची ५४. तर मुलांचे मुलींशी प्रमाण किती? संयुक्त सरासरीपासून मुले ४ ने खाली आहेत आणि मुली २ ने वर. खालची एकूण तूट आणि वरची एकूण शिल्लक समान असली पाहिजे, म्हणून मुलांची संख्या × ४ = मुलींची संख्या × २, आणि प्रमाण १ : २. अंतरे उलट क्रमाने येतात, हे पाठ करण्यापेक्षा तूट आणि शिल्लक यांची बरोबरी मांडणे अधिक खात्रीचे आहे.

एक दिवस दोनदा मोजला जातो तेव्हा

मे महिन्यातील एका आठवड्यात अकोल्याचे सोमवार ते रविवार या सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश होते, सोमवार ते गुरुवार सरासरी ४१ अंश आणि गुरुवार ते रविवार सरासरी ४३.५ अंश होते, असे समजू. गुरुवारचे तापमान किती? दोन्ही चार-चार दिवसांच्या बेरजा १६४ आणि १७४, मिळून ३३८. सात दिवसांची बेरीज २९४. चार आणि चार मिळून आठ दिवस होतात, आठवडा सातच दिवसांचा आहे. जास्तीचा मोजलेला दिवस गुरुवार. म्हणून ३३८ − २९४ = ४४ अंश. याच्या उलट, मधला दिवस दोन्ही गटांत नसेल, तर दोन्ही गटांच्या बेरजा एकूण बेरजेतून वजा कराव्या लागतात. मिळवायचे की वजा करायचे, हे गटांतील पदांची मोजणी केल्याशिवाय ठरवू नये.

सरासरी वेग

वेगाच्या बाबतीत भाजक म्हणजे वेळ, आणि तो उदाहरणात बहुधा लपलेला असतो. एक गाडी एका गावाहून दुसऱ्या गावी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने परत येते. सरासरी वेग ५० नव्हे. अंतर दिलेले नसेल तर ४० आणि ६० या दोहोंनी भाग जाणारे सोयीचे अंतर घ्यावे, समजा १२० किलोमीटर. जायला ३ तास, यायला २ तास, एकूण अंतर २४० किलोमीटर, एकूण वेळ ५ तास, सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर. गाडी कमी वेगाने अधिक वेळ चालली, म्हणून सरासरी कमी वेगाकडे झुकली. तुकड्यांच्या उदाहरणात विद्यार्थ्यांची संख्या जे काम करते, ते येथे तास करतात. अंतर १२० ऐवजी २४० किंवा ६०० घेतले, तरी उत्तर ४८ च येते, हे एकदा करून पाहावे. गाडी प्रत्येक वेगाने समान अंतर न जाता समान वेळ चालली असती, तर मात्र ५० हे उत्तर बरोबर ठरले असते. त्यामुळे ‘अर्धे अंतर’ आणि ‘अर्धा वेळ’ या शब्दांखाली रेघ ओढूनच पुढे जावे.

आकडेमोड हलकी कशी करावी

यादी दिलेली असेल आणि संख्या एकमेकींच्या जवळपास असतील, तर दहावीच्या सांख्यिकीत येणारी गृहीतमध्य पद्धत आधीपासूनच वापरायला हरकत नाही. १४८, १५२, १५५, १४९, १५१ या उंचींसाठी १५० हा मध्य गृहीत धरा. फरक −२, +२, +५, −१, +१. त्यांची बेरीज ५, तिची सरासरी १, म्हणून खरी सरासरी १५१. क्रमाने समान अंतरावर येणाऱ्या संख्यांची सरासरी पहिल्या आणि शेवटच्या संख्येच्या बेरजेच्या निम्मी असते; पहिल्या २० सम संख्यांची सरासरी (२ + ४०) ÷ २ = २१.

उत्तर लिहिण्यापूर्वी अंदाजही घ्यावा. सरासरी सर्वांत लहान पदाहून लहान किंवा सर्वांत मोठ्या पदाहून मोठी कधीच नसते. संयुक्त सरासरी दोन गटांच्या सरासरींच्या मध्येच असते. चार पर्यायांपैकी एखाददुसरा एवढ्यानेच बाद होतो.

सरावासाठी पाच उदाहरणे

(१) नऊ संख्यांची सरासरी ३४ आहे. पहिल्या चारांची सरासरी ३० आणि शेवटच्या चारांची ३७ आहे, तर पाचवी संख्या कोणती?

(२) १५ कामगारांची सरासरी रोजंदारी ६२० रुपये आहे. मुकादमाची रोजंदारी धरल्यास सरासरी ६४० रुपये होते, तर मुकादमाची रोजंदारी किती?

(३) ३० विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ४८ निघाली. नंतर असे आढळले की एकाचे ६४ गुण ४६ असे आणि दुसऱ्याचे ५२ गुण ५५ असे लिहिले गेले होते. खरी सरासरी किती?

(४) एका ट्रकने अर्धे अंतर ताशी ३० किलोमीटर आणि उरलेले अर्धे अंतर ताशी ७० किलोमीटर वेगाने कापले. सरासरी वेग किती?

(५) ३६ जणांच्या वर्गात मुलांची सरासरी ५०, मुलींची ५६ आणि वर्गाची ५४ आहे. वर्गात मुले किती?

उत्तरे अनुक्रमे ३८, ९४० रुपये, ४८.५, ताशी ४२ किलोमीटर आणि १२ अशी आहेत. चुकीचे उत्तर आले असेल, तर त्या आकड्यावरूनच चूक कोठे झाली हे बहुधा कळते. दुसऱ्या उदाहरणात ९२० आले असतील, तर १५ कामगारांची तूट भरली गेली, पण मुकादमाने स्वतःसाठी ६४० ऐवजी जुनेच ६२० धरले. तिसऱ्यात ४८.७ आले असतील, तर दुसऱ्या चुकीचे चिन्ह उलटे घेतले गेले. तेथे बेरीज ३ ने जास्त धरली गेली होती, ती कमी करायची होती. चौथ्यात ५० आले असतील, तर ‘अर्धे अंतर’ हे शब्द ‘अर्धा वेळ’ असे वाचले गेले. पाचव्यात २४ आले असतील, तर प्रमाण उलटे लागले आहे आणि मुलींची संख्या उत्तर म्हणून लिहिली गेली आहे. २४ × ५० + १२ × ५६ ही बेरीज करून ३६ ने भागले की सरासरी ५४ न येता ५२ येते आणि चूक तेथल्या तेथे पकडता येते.